पाण्यानं काढलेल्या रेषा

जिंतूरला पाटबंधारे खात्याच्या कचेरीत मी ट्रेसर होते. मोजणीची माणसं रानातून पेन्सिलीनं काढलेले नकाशे आणायची आणि मी ते निळसर, चकचकीत ट्रेसिंगच्या कापडावर काळ्या शाईनं उतरवायचे. दहा-बारा वर्षं हेच काम. एखादं कापड शाई सांडून वाया गेलं की घरी आणून पाण्यात भिजत घालायचं. खळ निघून गेली की आतून मलमलीसारखं मऊ सूत निघायचं. माझ्या दोन्ही लेकरांची झबली त्याच कापडाची.

त्या नकाशांवर सगळ्यात जास्त असायच्या समोच्च रेषा. एकीच्या पोटात दुसरी, दुसरीच्या पोटात तिसरी. एकाच उंचीवरच्या जागा जोडल्या की ती रेषा होते, रेषा जवळजवळ आल्या की चढ आणि लांब गेल्या की सपाट रान, एवढं ऐकून माहीत होतं. पण ती रेषा रानात कुठं असते? बांध दिसतो, ओढा दिसतो, पायवाट दिसते. हीच का दिसत नाही? मोजणीवाल्यांना विचारलं तर ते हसायचे. म्हणायचे, "बाई, ती कागदावरच असती. रानात शोधू नका."

हे उत्तर मला कधी पटलं नाही.

अशात कचेरीत एक जाहिरात आली. खात्यात काम केलेल्या माणसांना घरी बसून, टपालानं मोजणीशास्त्राची पदवी घेता येणार होती. धडे टपालानं यायचे, उत्तरं टपालानं पाठवायची, आणि शेवटी एक प्रात्यक्षिक आणि तोंडी परीक्षा. घरी सांगितलं तेव्हा आमचे हे म्हणाले, "आता? या वयात?" हे हायस्कुलात गणित शिकवायचे.

"वयाचं काय? तुम्ही गणित शिकवा, बाकीचं मी बघते," मी म्हटलं.

धडे इंग्रजीत होते. बदामी पाकीट आलं की मी आधी आकृत्या बघायचे, कारण त्या मला वाचता यायच्या. मग आकृतीवरून मागं येत येत मजकूर लावायचे. त्या वर्षांत विद्यापीठाच्या नामांतरासाठी मोर्चे निघत, बंद पाळले जात. एसटी थांबली की टपालही थांबायचं, आणि मी एकच धडा पुन्हा पुन्हा वाचत बसायचे. कुठं काही अडलं की ह्यांना विचारायचे. हे आधी कंटाळायचे, मग हळूहळू स्वतःच पाकिटाची वाट बघायला लागले.

शेवटच्या वर्षी प्रात्यक्षिकाचा कागद आला. आपल्या भागातली एक जागा निवडायची, तिथल्या उंच्या मोजायच्या आणि स्वतः समोच्च नकाशा काढायचा. दुसऱ्यानं काढलेल्या पेन्सिलीच्या रेघांवर शाई फिरवणं आता चालणार नव्हतं.

जागा कुठली घ्यावी यावर घरात बोलणं चाललं होतं. माझ्या सासूबाई, ज्यांना मी आत्याबाई म्हणायचे, भाकरी थापता थापता ऐकत होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "येलदरीला चल की. उन्हाळ्यात पाणी लय मागं सरतंय. माझं माहेर उघडं पडलं असंल."

त्यांचं माहेर धरणात गेलं होतं, हे मला माहीत होतं. पण त्या त्याविषयी कधी बोलल्या नव्हत्या.

कचेरीतल्या साहेबांनी जुनी लेव्हल, म्हणजे तिवईवर बसवायची दुर्बीण, आणि आकडे लिहिलेली उंच लाकडी पट्टी सुट्टीपुरती दिली. मे महिन्यात आम्ही तिघं पहाटेच्या एसटीनं येलदरीला गेलो. लेकरांना शेजारी ठेवलं. धरणाच्या कडेकडेनं बरंच चालल्यावर आत्याबाई थांबल्या आणि म्हणाल्या, "हितंच."

मला तर तिथं गाव काही दिसेना. भेगाळलेला गाळ, मधेच दगडांच्या रांगा, एका जागी पडका आड. पण त्याच्या पलीकडं पाण्याकडं पाहिलं आणि मी उभीच राहिले. पाणी जसजसं मागं सरलं होतं तसतशा काठावर त्याच्या खुणा राहिल्या होत्या. एक पट्टा, त्याच्या खाली दुसरा, त्याच्या खाली तिसरा. कुठं वाळलेल्या शेवाळाचा, कुठं शिंपल्यांचा, कुठं काटक्यांचा. टेकाडाला वळसा घालून, घळीत आत शिरून, पुन्हा बाहेर येऊन ते पट्टे लांब गेले होते. पाणी थांबलं की सगळीकडं सारख्याच उंचीवर थांबणार. म्हणजे या रेषा रानात होत्या!

"काय झालं?" ह्यांनी विचारलं.

"या बघा. मी आयुष्यभर याच काढत आले."

ह्यांनी खाली वाकून एक शिंपला उचलला आणि खिशात टाकला.

आम्ही काम सुरू केलं. हे पट्टी धरणार, मी दुर्बिणीतून आकडा वाचणार आणि आत्याबाई छत्री धरून दुर्बिणीवर सावली करणार, असं ठरलं. त्या जुन्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसायचं. आत्याबाईंनी "मला बी बघू दे" म्हणून डोळा लावला आणि ओरडल्याच, "अगं बाई! माझं लेकरू डोक्यावर चालायलंय की!"

हे लांबून विचारत होते काय झालं, आणि आम्हा दोघींना हसू आवरेना. त्यानंतर आत्याबाई सारख्याच दुर्बिणीशी यायला लागल्या. उलटी म्हैस, उलटा बगळा, उलटी नाव. एकदा त्यांनी फार सरळ प्रश्न विचारला, "उलटं दिसतंय तर मग त्याचं माप खरं कसं?" मी धड्यातली भिंगाची आकृती वाळूत काढून समजावलं. त्यांना कितपत कळलं कुणास ठाऊक, पण आकृती पुसू दिली नाही.

दुपारी हिशेब जुळवला तर चूक निघाली. ज्या दगडापासून निघालो त्याच दगडावर परत आल्यावर उंची तीच यायला हवी. ती येईना. पुन्हा मोजलं, पुन्हा वेगळी. मी हवालदिल झाले. ह्यांनी बेरजा तपासल्या, त्या बरोबर होत्या. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "ते लाकूड गाळात रुतायलंय, ह्याच्या हाताकडं बघ की." खरंच, मी दुर्बीण उचलून पुढं नेईपर्यंत पट्टी हळूहळू खाली जायची आणि ह्यांना पत्ताही लागायचा नाही. मग आम्ही दर ठिकाणी पट्टीखाली एक चपटा दगड ठोकून बसवायला लागलो. संध्याकाळी हिशेब जुळला तेव्हा ह्यांनी मुलांसारखी टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी आपलं घर दाखवलं. जोत्याचे चार-सहा दगड. "नदीवरनं पाणी आणायचो आमी. लय चढ होता, दम लागायचा."

मला उत्सुकता वाटली. पूर्णा नदीचं जुनं पात्र अजून पाण्याखाली होतं, पण तिकडं जाणारी वाट गाळावर पुसटशी ओळखू येत होती. त्या वाटेवर मी उंच्या घेतल्या. घरापासून पाण्यापर्यंत जेमतेम एका माणसाच्या उंचीचा उतार निघाला.

"आत्याबाई, हा तर फारच कमी चढ आहे."

"न्हाई," त्या ठाम बोलल्या. "तुझी दुर्बीण उलटी हाय. चढ होता."

माझ्या मनात आलं की लहानपणी चढ मोठाच वाटतो, शिवाय डोक्यावर घागर. जवळच जाळं वाळवणारा एक म्हातारा कोळी आमचं सगळं बघत बसला होता. तो म्हणाला, "बाई, तुमी वरचं मापायलात. खाली किती गाळ बसलाय, ते मापा की."

त्यानं काठावर रोवून नाव बांधायची आपली लांब लोखंडी सळई आणली. घराजवळ ती वीतभर गेली आणि दगडाला लागली. वाटेनं खाली जावं तशी ती खोल जायला लागली. पाण्याच्या काठाशी तर जवळजवळ सगळीच आत गेली आणि मग खालच्या मुरमाला लागून खट्ट वाजली. आत्याबाईंनी माझ्याकडं बघून मान हलवली. जुना चढ गाळाखाली होता.

मग मी ठरवलं की दोन्ही जमिनी काढायच्या. आजची ठळक रेषेनं, गाळाखालची तुटक रेषेनं. त्यासाठी पावसाआधीच्या आणखी दोन सुट्ट्या गेल्या. कोळीबाबा सळई खुपसत पुढं, मी मागं. आत्याबाई सांगायच्या कुठं पार होता, कुठं पाणवठा. एका ठिकाणी त्या बराच वेळ शोधत फिरल्या आणि "सापडंना बाई" म्हणून खाली बसल्या. काय शोधत होत्या ते मी विचारलं नाही. ह्यांनी त्यांना पाणी नेऊन दिलं आणि शेजारी बसले.

तोंडी परीक्षेला लांबच्या शहरात जावं लागलं. समोर तीन परीक्षक. एकानं नकाशा उलगडून विचारलं, "या तुटक रेषा कशाच्या? आम्ही मागितल्या नव्हत्या."

"धरण होण्याआधीची जमीन, सर. गाळ मोजून काढली."

ते तिघं नकाशावर वाकले. नंतरचे प्रश्न परीक्षेसारखे राहिलेच नाहीत. सळई सरळ आत जाते हे कशावरून, गाळ आणि मूळ माती कशी ओळखली, असं ते विचारत राहिले. काही प्रश्नांना माझ्याकडं उत्तर नव्हतं, तसं मी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं.

पदवी टपालानंच आली. ह्यांनी ती सगळ्यांना वाचून दाखवली. आत्याबाईंनी नकाशाची प्रत मागून घेतली आणि आपल्या ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली ठेवली.

वर्षभरानं मला मोजणीच्या कामावर घेतलं. पहिलंच काम सोनपेठकडं, कालव्याची चारी आखण्याचं. तिवई रोवून मी दुर्बीण समपातळीत आणत होते, तेव्हा बांधावरून एक शेतकरी आला. त्यानं आधी माझ्याकडं, मग दुर्बिणीकडं पाहिलं. त्याचं वावर जरा उंचावर होतं.

"बाई, पाणी हिकडं चढंल का?"

मी त्याच्या वावराकडं पाहिलं. डोळ्यांना ते उंच वाटत होतं.

"मला अजून माहीत नाही," मी म्हटलं. "ही पट्टी घेऊन त्या बाभळीपाशी उभे राहता का? बघू या."