सहाव्या रांगेतली अकरावी जागा

मी भित्रा माणूस आहे, पण भुतांच्या बाबतीत नाही. बायकोला भितो, सरकारी नोटिशीला भितो, भेस्तानच्या नाक्यावरच्या एका तांबड्या कुत्र्याला भितो. लहानपणी सुटीत अमळनेरकडच्या आमच्या गावात अंगात आलेल्या बाईसमोर फिदीफिदी हसलो म्हणून वडिलांचा मार खाल्लाय. त्यामुळे पुढचं वाचून कुणी ‘हा पण त्यातलाच निघाला’ म्हणालं, तर माझी हरकत नाही. दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर मीही तेच म्हणालो असतो.

सुरतेच्या भेस्तानमध्ये माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे. गेल्या उन्हाळ्यात एक वेगळंच काम आलं. बारडोलीच्या पुढे, उसाच्या पट्ट्यात एक लहान गाव आहे (नाव मुद्दाम लिहीत नाही). तिथं एक कौलारू चर्च आणि त्याच्या मागे कबरस्तान. कारभार बघतात ते जोसेफमास्तर, रिटायर्ड शिक्षक. त्यांना दफनाचं जुनं रजिस्टर कॉम्प्युटरवर हवं होतं, आणि सोबत नकाशा... कुठल्या रांगेत, कितव्या जागी कोण आहे त्याचा. रजिस्टर गुजरातीत. माझी शाळा सुरतेतच झाली, त्यामुळे त्याची अडचण नव्हती.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी मला कबरस्तानातून फिरवलं. काही कबरींवर दगड होते, पण बऱ्याच ठिकाणी नुसतं गवत. म्हणाले, गरिबाच्या कबरीवर लाकडी क्रॉस असतो, दहा पावसाळ्यांत तो कुजून जातो. मग त्या माणसाचा दगड म्हणजे हे रजिस्टर. “एखादं पान चिकटलेलं असेल तर ओढू नको. मला सांग, मी वाफेवर सोडवीन.”

मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून हुशार.

चर्चला लागून एक खोली होती, तिथं बसून टाइप करायचो. दुपारी मेरीबेन नावाची सत्तरीची म्हातारी ताक घेऊन यायची, आणि रोज एकच विचारायची, “भाई, मारी सुशी जडी?” म्हणजे, माझी सुशी सापडली का? सुशीला तिची मुलगी. सहा वर्षांची असताना तापानं गेली. तोच ताप मेरीबेनलाही होता. ती व्याऱ्याच्या दवाखान्यात बेशुद्ध पडलेली असताना नवऱ्यानं पोरीला पुरलं. जागा कुठली ते नवरा कधी बोललाच नाही, आणि तोही गेला. तेव्हापासून मेरीबेन दर वर्षी कबरस्तानाच्या मधोमध उभी राहून अंदाजानं फुलं ठेवते.

मी सांगायचो, अजून नाही मावशी, पण येईल.

शेवटच्या दिवशी दोन पानं चिकटलेली निघाली. वाळवी आणि ओल, दोन्हींचं काम. आत चार-पाच नावं असावीत, आधीच्या पानावरून सहाव्या रांगेतली. मास्तर बारडोलीला गेले होते, संध्याकाळी येणार. आणि माझ्या घरी त्या दिवशी साडू येणार होता, बायकोनं खापरावरचे मांडे करायला घेतले होते. मांडे गार झाले की त्यांचं चामडं होतं, हे खानदेशी माणसाला सांगायला नको. मी नकाशा घेऊन त्या रांगेत गेलो, दगडांवरची नावं वाचून जागा भरून टाकल्या. सहाव्या रांगेत अकराव्या जागी फक्त गवत होतं. तिथं टाइप केलं — ‘खाली’. म्हणजे रिकामी. रजिस्टर मिटलं आणि हात धुवायला गेलो.

परत आलो तर रजिस्टर उघडं. त्याच पानांवर.

वारा, म्हटलं. पण लाइट सकाळपासून नव्हती, पंखा बंद होता, आणि बाहेर चिंचेचं पान हलत नव्हतं. पुन्हा मिटलं, लॅपटॉप भरला, वळून पाहिलं तर पुन्हा उघडं. या वेळी मिटून वर स्टीलचा डबा ठेवला आणि दारात जाऊन चपला घातल्या. मागे आवाज काहीच झाला नाही. तरी मान वळवायला मला बराच वेळ लागला... डबा बाजूला होता, सरळ, झाकण नीट लावलेला. रजिस्टर उघडं.

मेरीबेनचा चाळा असेल म्हणावं, तर ती समोर चिंचेखाली बसलेली, माझ्याकडेच बघत. मला पाहून उठली आणि तोच प्रश्न.

मी म्हणालो, “नाही मावशी. सगळं रजिस्टर बघितलं, नाव नाही त्यात.”

तिनं ताकाचा लोटा उचलला आणि गेली. आणि मी मांडे खायला गेलो.

आठवड्यानं अंतिम प्रिंट दुकानात काढून, प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून तिथं पोचलो, तर कबरस्तानात माणसं. गावातले एक वृद्ध गेले होते, चार वाजता दफन. मी आधी पाठवलेल्या नकाशात रिकामी दिसते म्हणून मास्तरांनी सहाव्या रांगेतली अकरावी जागा दिली होती. दोघं जण खणत होते. खड्डा गुडघ्याएवढा झाला होता, आणि मेरीबेन कडेला फुलं घेऊन उभी. गेलेल्या म्हाताऱ्यांसाठी आणलेली.

आता सांगावं, तर सगळ्यांसमोर खोटा ठरतो. नाही सांगावं, तर कुदळ खाली जातेय. लाज वाटते सांगायला, पण मी गप्प बसायचं ठरवलं होतं. चिकटलेल्या पानांत दुसरंच कुणी असेल, अशी स्वतःची समजूतही घातली होती.

मास्तरांनी माझ्या हातातली फाइल घेतली. जागेचा नंबर पक्का करायला म्हणून मोठ्यानं वाचू लागले. रांग सहावी, नववी जागा, दहावी जागा... आणि थांबले. चष्मा पुसला. मग वाचलं, “अकरावी. सुशीला. वय वर्षं सहा. उशाला पेरूचं झाड लावलं.”

कुदळ थांबली. मेरीबेनच्या हातातली फुलं खाली पडली.

मास्तर माझ्याकडे वळले. “नकाशात तर ‘खाली’ लिहिलं होतंस. हे कुठून आलं?”

मी चिकटलेल्या पानांचं सगळं सांगून टाकलं. मांड्यांसकट. म्हाताऱ्यांचा मुलगा चिडला, चार वाजत आलेत, कॉम्प्युटरवाल्याच्या कुठल्या कागदावर भरवसा ठेवायचा, असं विचारू लागला. बरोबरच होतं त्याचं. मग चर्चच्या खोलीत स्टोव्ह पेटला, पातेलं चढलं, आणि मास्तरांनी त्या पानांना वाफ दिली. दारात सगळे उभे. वीस मिनिटं गेली. पान सुटलं. शाई पसरली होती, तरी वाचता आलं. सुशीला. सहा. सहावी, अकरावी. पेरूचं झाड. शब्दाला शब्द तोच.

खड्डा बुजवला. म्हाताऱ्यांना दुसरीकडे जागा दिली. खणणाऱ्याला मातीत एक काळं, कुजलेलं खोड लागलं होतं, ते त्यानं मला दाखवलं. कशाचं ते मी विचारलं नाही.

घरी येऊन फाइल उघडली. तिथं ‘खाली’. पुन्हा प्रिंट काढली, ‘खाली’. सात वेळा काढली. बायको म्हणाली, “तुले एक काम धड येस का?” मी म्हटलं, नाही येत.

ती चिकटलेली पानं उजेडात धरून मी नकळत आतलं वाचलं असेल का? तशीच दोन पानं चिकटवून धरून बघितली, काही दिसत नाही. कुणी माझ्या दुकानात येऊन टाइप केलं? गल्ल्याची किल्लीसुद्धा मी कुणाला देत नाही. गावातले लोक जे सांगतात, ते मला पटत नाही.

मास्तरांनी वाचलेला तो एक कागद मेरीबेननं मागितला. मी लॅमिनेट करून नेऊन दिला, आणि पाया पडून म्हणालो, मावशी, हे मी लिहिलेलं नाही.

“खबर छे,” ती म्हणाली. मला माहीत आहे. मग कागदावरून हात फिरवत राहिली. “शाळेत हजेरीला मास्तरांकडून हिचं नाव राहिलं ना, तर ही उभी राहायची. नाव घेईपर्यंत खालीच बसायची नाही.”