बंडोपंतांसाठी स्थळ

बर्फवाले काका माझ्या दुकानात आले की आधी सदऱ्याच्या खिशातून जास्वंदीची चार फुलं काढून काउंटरवर ठेवायचे. मग सावकाश चष्मा पुसायचे आणि म्हणायचे, "हात लावू नको हां गो, डबा हाय तो."

डबा बंडोपंतांचा. बंडोपंत म्हणजे काकांच्या घरातला इग्वाना. तुम्ही पाहिला नसेल तर सांगते. हिरवागार, गळ्याखाली लोंबती पिशवी, पाठीवर करवतीसारखे दाते आणि शेपटीसकट माझ्या उंचीचा सरडा. माझी उंची फार नाही, हे मान्य आहे.

काकांची सगळी नोकरी रत्नागिरीच्या बंदरावर एका बर्फाच्या कारखान्यात गेली, म्हणून बर्फवाले. ते निवृत्त झाले, त्याच वर्षी काकी गेल्या. मग मुंबईचा पुतण्या एक बोटभर लांबीचं हिरवं पिल्लू आणि दुकानाची पावती असं दोन्ही "चार दिवस सांभाळा" म्हणून ठेवून गेला, तो काही परत न्यायला आला नाही. "जन्मभर बर्फ विकला नि म्हातारपणी ऊब लागणारं जनावर पदरात पडलं," असं सांगताना काकांना स्वतःलाच हसू यायचं. त्यांनी अर्ध्या पडवीला जाळी मारली, आत आंब्याच्या फांद्या उभ्या केल्या आणि ढगाळ दिवसांसाठी मोठा बल्ब लावला.

माझी त्यांची ओळख झाली ती समोरच्या वहिनींमुळे. वहिनींचा नवरा ट्रॉलरवर जातो आणि त्या अंगणात बोंबील सुकवतात. बोंबील कमी होऊ लागले. समोरच्या जाळीत पाहावं तर हे ध्यान बसलेलं. वहिनींनी सरळ वनखात्याला कळवलं, की अमक्या घरात घोरपड पाळली आहे. घोरपड पाळणं गुन्हा आहे, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल.

वनरक्षक काठी आणि गोणपाट घेऊन आला. त्यालाही आधी घोरपडच वाटली. काकांनी जाळीतून जास्वंद आत धरली. बंडोपंतांनी ती देठासकट मटकावली, वर भोपळ्याची फोड खाल्ली. घोरपड फुलं खात नाही, हे वनरक्षकाला ठाऊक होतं. त्याने गोणपाट गुंडाळलं आणि सांगितलं, की परदेशी असला तरी याची सरकारकडे ऑनलाइन नोंद लागते, ती करून घ्या. बोंबील खरं तर मांजर नेत होतं. आणि त्याच दुपारी वाडीतले पिंजऱ्यातले दोन पोपट मागल्या दाराने गुपचूप नाहीसे झाले, कारण आपला देशी पोपट पाळायलाही बंदी आहे.

तर काका असे माझ्या दुकानात आले. मी ऑनलाइन सातबारा काढून देते, दाखल्यांचे नि परीक्षांचे फॉर्म भरते, सरड्याचा कधी भरला नव्हता. लिंगाच्या रकान्यावर काका म्हणाले, "नर. चालण्यातच कळतं."

कागद हातात पडल्यावर त्यांनी तो लॅमिनेट करून जाळीवर टांगला आणि वाडीला चहाला बोलावलं. कोणी काही विचारायच्या आत छाती काढून म्हणायचे, "कागद हाय माज्याकडं." वहिनी मान खाली घालून बसल्या होत्या. काका त्यांच्यापाशी गेले. "वयनी, तुमचं काय चुकलं नाय. शेजाऱ्यानं काय पाळलंय ते विचारायचा तुमचा हक्क हाय. मीच आदी सांगायला हवं होतं."

पुढच्या वर्षी एका सकाळी काका धापा टाकत आले. फुलंही आणली नव्हती.

"घात झाला गो. बंडोपंतांनी अंडी घातली."

मला हसू आवरेना. काका मात्र रडकुंडीला आले होते. सरकारला खोटी माहिती दिली, आता कागद जाणार, बंडोपंतही जाणार, अशी त्यांची समजूत. शिवाय अंडी म्हणजे जन्म, म्हणजे त्याचीही नोंद करायला हवी का? गुरांच्या डॉक्टरांनी मुंबईतल्या एका डॉक्टरांना व्हिडिओ दाखवला. नराशिवाय घातलेली अंडी आहेत, फुटायची नाहीत, असं कळलं. आम्ही दुरुस्तीचा अर्ज केला आणि तो मंजूर झाला. फॉर्मवर मादी झाली, पण काकांच्या तोंडी बंडोपंत शेवटपर्यंत 'तो'च राहिले, म्हणून मीही तसंच म्हणते.

मग त्यांच्या छातीत दुखू लागलं. डोंबिवलीची मुलगी धावत आली आणि म्हणाली, "बाबा, आता एकटं राहायचं नाही." तिच्या दोन खोल्यांत चार माणसं. बंडोपंतांची पडवी तिथे कुठून आणायची? लोक म्हणाले, "सोडा की आरे-वारेच्या किनाऱ्यावरल्या झाडीत. पाल्याला काय कमी आहे तिथे?" काकांना चिडलेलं मी तेव्हा एकदाच पाहिलं. "माज्या हातचं खाऊन वाढलाय तो. तिथं मेला तर पाप माजं, नि जगून इथल्या जनावरांचं खाल्लंन तरी पाप माजंच. हातानं पाळलेलं असं फेकायचं नसतं."

आणि मग काकांनी बंडोपंतांसाठी स्थळं बघायला सुरुवात केली. अगदी मुलीसाठी बघावीत तशी. एक बागायतदार आला. त्याला होमस्टेच्या दारात शोभेला हवा होता. "शोभेला कुंडी ठेव," म्हणून त्याला वाटेला लावलं. एकाने आल्याआल्या मोबाइल काढून रील बनवायला घेतली, त्याला चहासुद्धा मिळाला नाही. शेवटी धीर करून मी म्हटलं, "काका, मी सांभाळते." त्यांनी माझ्याकडे मायेनं पाहिलं. "तू गुणाची हायस गो. पण दिवसभर त्या पडद्याकडं बघतंस. तो आजारी पडला तर तुला चार दिवसांनी कळंल." मला राग आला. खरं होतं म्हणून जास्तच आला.

काका निघायच्या आधी शेवटच्या आठवड्यात मी कागद द्यायला त्यांच्या घरी गेले होते. वहिनी पायरीवर भाजी निवडत बसल्या होत्या. पडवीत न बघताच म्हणाल्या, "भावजी, आज त्याचं काहीतरी बिनसलंय. रोज सव्वानवाला पडवीत ऊन आलं की फांदीवर येतो. आज दहा वाजले तरी खालीच हाय. नि परवापासून भोपळा ठेवतोय, फुलं तेवढी खातोय."

काका थांबले. "अजून काय?"

"अजून काय म्हंजे? बल्ब लावताना तुमी पुढ्यात उभे ऱ्हाता ता त्याला आवडत नाय. शेपूट आपटतो. इतकी वर्सं बघतेय मी."

"वयनी, तुमी सांभाळाल त्याला?"

वहिनींच्या हातातली जुडी तशीच राहिली. "मी? मीच तक्रार केलीवती. विसरलात?"

"म्हणून तर विचारतोय. उद्या काय बिघडलं तर गप बसायच्या नाय तुमी."

दुसऱ्या दिवशी दोघं माझ्या दुकानात आले आणि बंडोपंत रीतसर वहिनींच्या नावावर झाले. काका डोंबिवलीला गेले. रोज सकाळी त्यांचा व्हिडिओ कॉल यायचा. वहिनी फोन जाळीच्या खुंटीला अडकवायच्या आणि आपल्या कामाला लागायच्या. पलीकडून काका तिकडचं सगळं बंडोपंतांना सांगत बसायचे, लिफ्ट बंद पडल्यापासून जावयाच्या घोरण्यापर्यंत.

गेल्या महिन्यात काका गेले. तेरावं झाल्यावर वहिनी सकाळीच दुकानात आल्या.

"भावजी गेले ता त्या फॉर्मात कुठं लिवायचं?"

मी पोर्टल उघडलं. प्राण्याचा जन्म, प्राण्याचा मृत्यू, प्राणी दुसऱ्याला देणं, सगळ्याची सोय होती. आधी सांभाळणारा माणूस गेला तर कळवायची सोय नव्हती.

"ते कळवावं लागत नाही, वहिनी."

त्या पदर खोचून उठल्या. "सरकारला नको तर नको. पण तो अजून त्या खुंटीकडं मान करून बसतो. त्याला कळवायला हवं ना?"

मी दुकानाचं शटर ओढलं आणि त्यांच्याबरोबर निघाले.