बोटांच्या खुणा

आमच्या अंधेरीच्या अध्यापन विद्यालयात पाठाचं साहित्य सांभाळणाऱ्या एक बाई होत्या. तक्ते, नकाशे, पृथ्वीचा गोल, सगळं त्यांच्या ताब्यात. सराव पाठाहून परत आलेला तक्ता त्या आधी खिडकीशी उजेडात धरायच्या आणि मुलांच्या बोटांच्या खुणा शोधायच्या. तक्ता स्वच्छ निघाला की भडकायच्या, "वर्गात कुणी जागं नव्हतं वाटतं?"

तरीही त्या दिवशी मी तक्ता गुंडाळी न सोडताच त्यांच्यापुढे ठेवला. माशांचा कोरा करकरीत तक्ता मी खारदांड्याच्या शाळेत नेला होता. तो पाहताच कोळ्यांच्या पोरांनी गलका केला, "बाई, यात बोंबील कुठाय?" मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी शिसपेन्सिलीने बोंबील, कोलंबी, खेकडे, सगळं त्यावर काढूनही टाकलं!

बाईंनी तक्ता उजेडात धरला आणि एकदम ओरडल्याच, "अगं, झकास! या गं सगळ्या, बघायला या!" मी तर नाचायचीच बाकी होते.

दुसऱ्या दिवशी वर्सोव्याला पाठ असलेल्या मैत्रिणीने त्यांच्याकडे माशांचा नवा तक्ता मागितला. बाईंनी तोच तिच्या हातात ठेवला.

"हाच ने. आणि पोरांना सांग, खाली अजून जागा आहे."