भिंतीवर घातलेली लॉरी

परळच्या आमच्या चाळीत समोरच्या खोलीत एक ड्रायव्हर राहायचे. रे रोडच्या एका लाकडाच्या वखारीची लॉरी चालवायचे. बोलणं मालवणी आणि इतकं सावकाश, की त्यांचं वाक्य संपेपर्यंत ऐकणारा दोनदा 'हां, हां' म्हणून जायचा.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत एकदा लाठीमार झाला आणि मोर्चातली माणसं पळत थेट त्यांच्या लॉरीसमोर आली. त्यांनी चाक वळवलं आणि लॉरी एका गोदामाच्या भिंतीवर घातली. माणसं वाचली, यांचा गुडघा गेला. परवाना जप्त झाला. मालकाने भरपाईला साफ नकार दिला. मग कित्येक महिने ते काठी टेकत कचेऱ्यांचे जिने चढत राहिले. इंग्रजी कागद वाचायला मी सोबत असे.

शेवटी एका साहेबानेच वाट दाखवली. "मोर्चेवाल्यांनी दगड मारला म्हणून ताबा सुटला, असं सांगा. परवाना मिळेल, भरपाईसुद्धा."

"दगड कोणीच मारूक नाय, सायबानू," ते नेहमीच्याच संथपणे म्हणाले. "माणसां जीव घेऊन धावत होती. गाडी मियाच भिंतीर घातलंय."

साहेबाने फाईल मिटली. मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. एवढा मोठा माणूस रोज सकाळी नळावर माझ्या पुढे बादली घेऊन उभा असायचा.

परवाना वर्षभराने, पुन्हा परीक्षा देऊन मिळाला. भरपाई कधीच मिळाली नाही. पण त्या दुपारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. कठड्याला धरून एकेक पायरी उतरत ते मला म्हणाले, "चल, चाय घेवया. उद्या परत येवचा आसा."