लसणाच्या कॅप्सूल आणि दादाच्या बंद गोळ्या

"ताई, हृदयाची एक मोठी रक्तवाहिनी बरीच अरुंद झालीये," बीडच्या डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून सांगितलं. मनगटातून बारीक नळी घालून, औषधी रंग सोडून रक्तवाहिन्यांचे फोटो घेतात, त्याला अँजिओग्राफी म्हणतात. ती नुकतीच झाली होती. पडद्यावर एका जागी माझी रक्तवाहिनी दोऱ्याएवढी दिसत होती.

केजला आमचं भांड्यांचं दुकान. वरच्या फळीवरची पातेली काढताना छातीवर दाब यायचा, जबडा दुखायचा. थांबलं की जायचं. मी पित्त समजत होते. बायांनो, जबडा, पाठ किंवा नुसती धापसुद्धा हृदयाची असू शकते.

डॉक्टरांनी अँजिओप्लास्टी सुचवली. म्हणजे फुग्यानं अरुंद जागा मोठी करून तिथं जाळीची नळी बसवायची. तिला स्टेंट म्हणतात. त्याच आठवड्यात भरती व्हायचं ठरलं.

आदल्या दिवशी चकलांब्याहून थोरला भाऊ आला. दादाला काही महिन्यांपूर्वीच स्टेंट बसलेला. त्यानं पिशवीतून कॅप्सूलची बाटली काढली. वर लसणाचं चित्र.

"कावून नळी बसवून घेतीस? हे झाडपाल्याचं हाय. शिरा साफ होत्यात. मी तर दवाखान्याच्या गोळ्या बंदच केल्यात."

स्टेंट बसल्यावर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या मनानं सोडल्या, तर जाळीत गुठळी होऊ शकते, हे डॉक्टरांनी मला कालच बजावलं होतं. मी दादाशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सोबतीला म्हणून त्यालाच नेलं आणि बाटली डॉक्टरांसमोर ठेवली. "साहेब, ह्याला पुरावा हाय का?"

डॉक्टर हसले नाहीत. बाटलीवरचं सगळं वाचलं. "लसणाच्या अर्कावर अभ्यास झालेत. रक्तदाब, कोलेस्टेरॉल थोडं उतरलेलं काहींत दिसलंय. पण बरेचसे अभ्यास लहान आहेत. यानं बंद रक्तवाहिनी उघडते किंवा झटका टळतो, असं सिद्ध झालेलं नाही. गोळ्यांच्या जागी हे चालणार नाही."

दादा उठून बाहेर बाकावर जाऊन बसला. मी शेजारी बसले. "तू गोळ्या कावून सोडल्यास, ते खरं सांग. तोवर मी भरती होत न्हाई."

तो हळूच म्हणाला, "दाढी करताना कापलं, तर रक्त थांबंना. दंडावर काळेनिळे डाग पडाया लागले. भ्यालो मी."

"कॅप्सूल कवापासून घेतोस?"

"डागाच्या आधीपासून."

मी त्याला हाताला धरून परत आत नेलं आणि त्यानं गोळ्या सोडल्याचं सांगितलं. डॉक्टरांनी डाग पाहिले. "लसणाच्या अर्कानंही रक्त पातळ होऊ शकतं. दोन्ही एकत्र घेतल्यानं हे झालं असावं. बाटली बंद करायची सोडून तुम्ही गोळ्या बंद केल्यात, दादा."

तिथंच त्याचा ईसीजी, म्हणजे हृदयाच्या ठोक्यांचा आलेख, काढला. रक्त तपासलं. सुदैवानं सगळं ठीक होतं. डॉक्टरांच्या समोर दादानं गोळी घेतली, तेव्हाच मी भरती झाले.

माझी अँजिओप्लास्टी नीट झाली. भूल फक्त मनगटापुरती. मी जागी होते, पण आता मन घट्ट होतं. बाहेर दादा दिवसभर चहा न घेता बसून होता, असं नंतर कळलं.

आज मी गोळ्या वेळेवर घेते, सकाळी चालते, दुकान सांभाळते. झाडपाल्याला मी नावं ठेवत नाही. पण पोटात जे जे जातं, ते डॉक्टरांना सांगायला लाजू नका. आणि औषधानं भीती वाटली, तर ती भीतीही सांगा. त्या डॉक्टरांची मी ऋणी आहे. त्यांनी दादाला अडाणी म्हटलं नाही, म्हणून तो दंड दाखवू शकला.