सहा कोसांची खूण

पौषात पहाटे वारं सुटलं की वळसंगच्या माळावरची थंडी नुसती लागत नाही, चावते. राजाबाईनं डोक्यावरून पदर घट्ट ओढला, गोठ्यातल्या लेंड्या झाडून पाटीत भरल्या आणि दोन करडांना आईच्या कासेला लावलं. प्रभुलिंग मालकाच्या वस्तीवर येऊन तिला सात महिने झाले होते. एकवीस शेळ्या राखायच्या, पत्र्याच्या खोलीत राहायचं. आज ती कामं भराभरा उरकत होती, कारण सकाळच्या एसटीनं तिला सोलापूरला जायचं होतं. तिचा सत्कार होता.

राजाबाईसारखीचा सत्कार कशाबद्दल, तर घर मोडलं त्याबद्दल.

सोलापुरात रेल्वे लाइनीच्या कडेला तिची झोपडी होती. नवरा तिथंच वारला, पोरगा बिभीषण तिथंच वाढला. तीन वर्षांमागं बसून खायला बापानं काय ठेवलंय, असं ती त्याला बोलून गेली, आणि पोरगा भरल्या ताटावरून उठून कर्नाटकात वीटभट्टीवर निघून गेला. पुढं त्याचा फोन लागेना, आणि हिचंही कार्ड बंद पडलं. तरी राजाबाई जागची हलली नाही. पोरगं परत आलं तर कुटं येणार, हितंच की, असं म्हणून ती बसून राहिली. मग ज्येष्ठात रस्त्यासाठी मशीन आलं आणि एका दुपारी वस्ती सपाट झाली. शेजारीपाजारी वाट फुटेल तिकडं पांगले.

निघताना तिनं एक काम केलं. ती धनगराची लेक. तिचा बाप मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचा. मुक्काम हलवताना चुलीचे तीन दगड तसेच ठेवायचे. मोठ्या दगडावर काठी, तिचं जाड टोक जायच्या दिशेला, आणि हलू नये म्हणून वर एक चपटा दगड. शेजारी जितके कोस तितके खडे. लंगडी मेंढी घेऊन मागं राहिलेला माणूस ती खूण बघून बरोबर कळपाला येऊन मिळायचा. बिभीषण लहानपणी आज्याच्या मागं हिंडताना हे शिकला होता. राजाबाईला लिहिता येत नव्हतं, पण हे येत होतं. तिनं लिंबाची काठी उगवतीला, वळसंगच्या अंगाला केली आणि सहा खडे मांडले.

दुसऱ्या दिवशी ती राहिलेलं किडूकमिडूक न्यायला आली तेव्हा अंकिता भेटली. शहरातल्याच जुळे सोलापूर भागातली, चित्रकला शिकलेली पोरगी. पडलेल्या घरांतल्या वस्तू गोळा करत होती. माणसं उठवतात म्हणजे नेमकं काय करतात ते लोकांना दाखवायचंय, म्हणाली. राजाबाईनं तिला आपलं मोडकं दार दिलं. मागं राहिलेलं बाकीचं नेऊ का, असं अंकितानं विचारलं. राजाबाईला वाटलं पत्रं, डबे.

"ने की बाई. मला काय करायचंय त्येचं?"

आज त्या वस्तूंचं प्रदर्शन उघडत होतं. हॉलमध्ये छताला दारं टांगली होती. लोक त्यांच्या खालून माना वर करून हिंडत होते. राजाबाईला पहिल्या रांगेत बसवलं. मृत्युंजय सर म्हणून कुणी विद्वान विस्थापितांच्या हक्कांवर पाऊण तास बोलले. मग तिला शाल आणि नारळ मिळाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या तेव्हा तिनंही वाजवल्या.

भाषणं संपल्यावर अंकिता तिला हाताला धरून कोपऱ्यात घेऊन गेली. तिथं पांढऱ्या ओट्यावर, दिव्याच्या झोतात, राजाबाईची चूल मांडलेली होती. तेच काजळलेले तीन दगड, तोच चपटा दगड, तेच सहा खडे. काठीचं टोक समोरच्या भिंतीकडं होतं.

"सहा खडे म्हणजे घरातली सहा माणसं ना, मावशी? मी तसंच लिहिलंय खाली."

राजाबाईनं एका खड्यावर बोट ठेवलं.

"घरात दोगंच हुतो आमी. ह्यो निरोप हाय ताई. माज्या पोरासाटी ठिवलेला."

मग तिनं काठी, खडे, कोस सगळं सांगितलं. ऐकता ऐकता अंकिता फरशीवर बसली. थोड्या वेळानं उठून तिनं स्वतःच्या हातानं दगड पिशवीत भरले. प्रदर्शन आठ दिवस चालायचंय, हे काय चाललंय, असं मृत्युंजय सर विचारत होते. तिनं त्यांच्याकडं बघितलंही नाही.

दोघी रिक्षानं जुन्या जागी गेल्या. झोपडीच्या जागेवरून डांबरी रस्ता गेला होता. कडेच्या लिंबाखाली मंजुनाथचा चहाचा गाडा होता. वस्ती उठली तेव्हा त्यालाही हुसकलं होतं, तो दिवाळीनंतर परत आला होता.

"राजक्का, कुटं गडप झालतीस? मंगळवारी पोरगा आलता की तुझा."

राजाबाईनं गाड्याची कड धरली. दाढी वाढलेली, पण भुवईवरच्या खोकेवरून ओळखलं, मंजुनाथ म्हणाला. रस्त्याच्या दोन्ही अंगाला वाकून वाकून काहीतरी हुडकत होता.

"काय हुडकतोस म्हटलं, तर चूल म्हणाला. अरे बाबा, आई कुटंय ते इचार की. तर म्हणतो, चूल घावली की आई घावती. दिस बुडूस्तर बसला. च्या पिला, गलास धुऊन ठेवला आणि टेसनाकडं गेला. मला ठावं असतं तर सांगितलं नसतं व्हय?"

ग्लास धुऊन ठेवायची सवय तिनंच लावलेली.

अंकिता आता हुंदके देत होती. राजाबाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"रडू नगंस. ने म्हणून मीच म्हटलं हुतं."

रस्त्यावर दगड मांडता येईनात. लिंबाच्या बुडाशी तिनं तीन दगड लावले. अंकितानं मोबाइलमधला जुना फोटो पुढं केला, पण राजाबाईला त्याची गरज नव्हती. तिनं काठी उगवतीला केली, वर दगड ठेवला, खडे मोजून मांडले. ह्याला हात लावू देऊ नको, असं मंजुनाथला दोनदा बजावलं. अंकिताच्या मोबाइलमध्ये मालकाचा नंबर होता, तो त्यानं गाड्याच्या पत्र्यावर खडूनं लिहून घेतला.

ती वस्तीवर पोचली तेव्हा दिवस बुडायला आला होता. काय मिळालं, असं मालकानं विचारलं. तिनं नारळ त्याच्या हातात दिला आणि फोन तेवढा बंद ठेवू नका म्हणाली. लहान करडू थंडीनं कुडकुडत होतं, त्याच्या अंगावर शाल टाकली. मग बादली उचलून ती हौदाकडं गेली. शेळ्या सकाळपासून तहानलेल्या होत्या.