मामांचं गिफ्ट कार्ड

सरळ प्रश्नाला सरळ उत्तर मिळतं असा ज्यांचा अजून विश्वास आहे, त्यांनी माझ्या बायकोच्या मामांबरोबर एक दुपार काढावी. माणूस निर्व्यसनी, हसतमुख, जीव लावणारा. पण त्यांच्याशी बोलून उठलं की आपण बोलायला कशासाठी बसलो होतो हेच आठवत नाही. तरुणपणी बीडकडून आलेले मामा काळेवाडीत स्थिरावले आणि चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर त्यांनी अक्षरशः उभं आयुष्य काढलं. मशीनवर त्यांचा हात कधी चुकला नाही म्हणतात. मशीनपासून चार पावलं दूर गेले की मात्र सगळंच चुकायचं. माझ्या लग्नात ते शेजारच्या मंगल कार्यालयात शिरले, आहेर दिला, पोटभर जेवले आणि तिथल्या नवरदेवाला "आमच्या पोरीला सांभाळा" असं बजावूनही आले. "फोटोपेक्षा जावई जरा जाड वाटला," असं मामींना म्हणाले, तेव्हा कुठे घोटाळा उघडकीला आला.

वस्तू जपून ठेवण्याचा तर त्यांना नादच. पासबुक तांदळाच्या डब्यात, कपाटाची किल्ली त्याच कपाटात. "चोराला सापडता कामा नये," हे त्यांचं सूत्र, आणि ते घरच्यांनाही तितक्याच काटेकोरपणे लागू पडायचं. मामा निवृत्त झाले त्या दिवशी कंपनीनं त्यांना शाल, श्रीफळ आणि चिंचवडच्या एका मोठ्या दुकानाचं गिफ्ट कार्ड दिलं. पायाच्या मशीनवर लोकांचे ब्लाउज शिवून शिवून मामींचे गुडघे गेले होते. या कार्डावर मोटारीचं शिलाई मशीन आणायचं, असा शब्द मामांनी उंबऱ्यातच दिला आणि कार्ड जपून ठेवलं. आठवड्यानं दुकानात जायला निघाले, तर कार्ड नाही! डबे उपसले, गाद्या उलटल्या, पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. मामी पायाच्या मशीनवर जाऊन बसल्या आणि जोरजोरात शिवायला लागल्या. त्या आवाजाला भिऊन मामा थेट माझ्याकडे आले.

"जावईबापू, तुमी हिंजवडीला कंप्युटरमधी. हे काम तुमचंच हाय."

मी दुकानाच्या मदत केंद्राला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. "सर, कार्डचा नंबर सांगा," पलीकडची मुलगी म्हणाली.

"नंबर कार्डावर हाय, बाई."

"मग कार्ड बघून सांगा ना, सर."

"कार्ड हरवलंय."

"हरवलेलं कार्ड बंद करायलाच नंबर लागतो, सर."

मामांनी थोडा विचार केला. "म्हणजे आधी सापडायला पायजे, मग हरवलं म्हणून सांगायचं?" त्या मुलीलाही बहुतेक ते पटलं असावं, कारण तिनं नंबर मागणं सोडून दिलं. शेवटी म्हणाली, ज्यांनी कार्ड विकत घेतलं त्यांच्या पावतीवर नंबर असेल. म्हणजे कंपनीत जाणं आलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही चाकणला गेलो. गेटवर नवीन सिक्युरिटीवाला होता. "कुणाला भेटायचंय काका? पास बनवा." मामा सवयीनं आत चालायला लागले होते, ते थबकले. माझ्याकडे बघितलं, गेटकडे बघितलं, मग मुकाट्यानं रजिस्टरमध्ये नाव लिहिलं. भेटीचं कारण या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'हरवलंय.' काय हरवलंय ते काही लिहिलं नाही.

ऑफिसातल्या बाईंनी पावती काढली. तीन जण एकाच दिवशी निवृत्त झालेले, त्यामुळे नंबरही तीन. कुणाचा कुठला याची मात्र नोंद नव्हती. मग मामांच्या दोन्ही जोडीदारांना फोन लागले. एक देहूला मुलीकडे, दुसरा गावी. दोघांनी आपापल्या कार्डाचे नंबर वाचून दाखवले. उरला तो मामांचा. तो दुकानाला कळवल्यावर जुनं कार्ड बंद झालं आणि पंधरा दिवसांनी नवीन कार्ड कुरियरनं घरी आलं. त्याच संध्याकाळी मामींनी गारठा वाटतो म्हणून निवृत्तीची शाल उलगडली आणि तिच्या घडीतून जुनं कार्ड टपकन जमिनीवर पडलं.

आता कार्डं दोन झाली, एकासारखं एक. मामांनी दोन्ही एकाच खिशात ठेवली आणि आम्ही तिघं दुकानात गेलो. मामींनी मशीन पसंत केलं. मामांनी काउंटरवर एक कार्ड दिलं.

"काका, हे बंद आहे."

मामांचा चेहरा पांढरा पडला. "बंद कुनी केलं?"

"तुम्हीच, मामा," मी म्हणालो.

"मी? कामून?"

मी समजावून सांगायला लागलो आणि निम्म्यात माझाच गोंधळ उडाला. काउंटरवरच्या मुलीनं मामांकडून दुसरं कार्ड मागून घेतलं, चालवलं आणि पावती पुढे केली. मामींनी ती घडी करून आपल्या ब्लाउजमध्ये ठेवली. "ही माझ्यापाशी राहू दे," एवढंच म्हणाल्या.

परवा सकाळी सहज काळेवाडीला गेलो होतो. मोटारीचं मशीन बारीक आवाजात चाललं होतं. मामी पडदे शिवत होत्या आणि मामा त्या लांबलचक कापडाचं दुसरं टोक दोन्ही हातांत धरून ताठ उभे होते. मला बघून नुसते हसले. हात सोडायची परवानगी नसावी.

"किती वेळ धरू गं?" त्यांनी विचारलं.

"धरा की. कुठं जायचंय तुमाला?"

प्रश्न तसा सरळच होता. मामांनी खिडकीबाहेर बघत त्यावर खरोखरच विचार केला.

"कुठंच न्हाई," ते म्हणाले, आणि कापड खाली लोंबू नये म्हणून हात थोडे वर घेतले.